आधी देश, मग प्रमाणपत्र : परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या पात्रतेचे साताऱ्यातील एक प्रकरण

साताऱ्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवणारी, कोरेगाव तालुक्यातील २७ वर्षांची एक शिक्षिका मे महिन्याच्या अखेरीस तीन कागद घेऊन माझ्याकडे आली. पहिला कागद बी.एड. प्रवेश परीक्षेच्या माहितीचा होता, दुसरा इंग्रजी अध्यापनाच्या १२० तासांच्या एका ऑनलाइन ‘टेफल’ प्रमाणपत्राची जाहिरात होती, आणि तिसरा इंग्रजी शिक्षकांसाठीच्या केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी एका केंद्राने कळवलेल्या शुल्काचा होता. ऑनलाइन प्रमाणपत्राला सहा हजार रुपये लागणार होते, सेल्टाला दीड लाखाहून अधिक, तर बी.एड.ला पैशांपेक्षा दोन वर्षांचा काळ लागणार होता. तिचा प्रश्न सरळ होता : “सर, यातले कोणते केले म्हणजे बाहेर नोकरी लागेल?” मी इंग्रजीचा निवृत्त अध्यापक आहे आणि अशा प्रश्नांना गेली काही वर्षे तोंड देत आलो आहे; तरी या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही, कारण प्रश्नातच एक गोष्ट राहून गेली होती. बाहेर म्हणजे नेमके कुठे, हे तिने ठरवलेलेच नव्हते.

तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण येथे मांडत आहे.

तिची शैक्षणिक बाजू अशी होती. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर शाळेत गेलेल्या पिढीतील ती आहे. म्हणजे इंग्रजी पहिलीपासून, परंतु दहावीपर्यंतचे सारे शिक्षण मराठी माध्यमात. पुढे शिवाजी विद्यापीठाची इंग्रजी विषयातील बी.ए. आणि एम.ए. झाली. प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, सेट, दोनदा थोडक्यात हुकली होती. महाविद्यालयात तीन वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे ‘सीएचबी’वर, काम झाले होते. त्या पद्धतीत मानधन घेतलेल्या तासांचेच मिळते आणि सुट्टीच्या महिन्यांत हात रिकामे राहतात, हे साताऱ्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. वडील शेती करतात, धाकटा भाऊ शिकत आहे, आणि घरातून विरोध असा नव्हता. मात्र दीड लाख रुपये बुडीत खाती गेले तर पुन्हा उभे करता येणार नाहीत, हे वडिलांनी तिला स्पष्टपणे सांगितले होते. मला ती अट फार उपयोगाची वाटली. ज्याच्यापाशी पैसे मुबलक असतात तो तिन्ही प्रमाणपत्रे घेऊन मोकळा होतो आणि प्रश्नाचा विचार करतच नाही.

आम्ही प्रमाणपत्रांचे कागद बाजूला ठेवले आणि पहिल्या बैठकीत फक्त देशांचा विचार केला. इंग्रजी शिकवण्यासाठी परवाना देताना अनेक देश उमेदवाराच्या प्रमाणपत्राआधी त्याचे पारपत्र पाहतात, ही गोष्ट जाहिरातींत कधीच ठळक नसते. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी २०१० पासून लागू असलेल्या आर्थिक भागीदारी करारामुळे भारतीयांसाठी सरकारी शाळांतील सहायक शिक्षकाची एक अरुंद वाट उघडली आहे खरी, परंतु त्या वाटेवर अध्यापनाची औपचारिक अर्हता मागितली जाते आणि त्या भरवशावर घरदार सोडून बसता येत नाही. जपानच्या शाळांत शिकवण्याच्या व्हिसासाठी ती भाषा मातृभाषा नसलेल्या उमेदवाराने किमान १२ वर्षे त्या भाषेच्या माध्यमातून शिक्षण घेतलेले असावे लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलीसाठी तो दरवाजा बंदच होता, आणि दीड लाखाचे काय किंवा पंधरा लाखांचे काय, कोणतेही प्रमाणपत्र तो उघडू शकले नसते. हे तिला कळले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली, कारण जपानविषयी तिने बरेच वाचून ठेवले होते.

आखाती देशांचा प्रश्न वेगळा होता. तेथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत आणि त्या शाळांत बी.एड.ला मान आहे. सेल्टा असल्यास उत्तम, पण बी.एड. नसल्याची उणीव ती भरून काढत नाही. थायलंडमध्ये शाळेत शिकवायचे तर तेथील शिक्षक परिषदेचा परवाना अथवा तात्पुरती सूट लागते, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून भाषेच्या परीक्षेचे गुणही मागितले जातात. तेथेही शिक्षणशास्त्राची पदवी असलेल्याचे पारडे जड राहते. राहिला व्हिएतनाम. तेथे खासगी भाषाकेंद्रांची मोठी बाजारपेठ आहे. काम बहुतांशी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालते. आणि कामाच्या परवान्यासाठी भारतीय नागरिकाकडे पदवी, इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र, भाषेच्या पातळीचा पुरावा, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय तपासणी इतके असावे लागते. पदवी इंग्रजी विषयातीलच असणे ही तिची जमेची बाजू होती. पगाराच्या बाबतीत मात्र तेथेही मातृभाषिक आणि अमातृभाषिक असा भेद जाहिरातींत उघडपणे केला जातो, आणि तो अपमान गिळण्याची तयारी आहे का, हे मी तिला आधीच विचारले. ती म्हणाली, “सर, इथे कायम आणि सीएचबी यांत काय फरक करतात, ते मी पाहिले आहे.”

देशाचा विचार अशा रीतीने एका टोकाला आल्यावर तिन्ही कागद पुन्हा उघडले, आणि आता त्यांचा अर्थ बदलला होता. बी.एड. व्हिएतनामच्या भाषाकेंद्रासाठी अत्यावश्यक नव्हते. उरला सवाल सहा हजार की दीड लाख, आणि वरकरणी तो सोपा होता, कारण परवान्याच्या अर्जावर ‘अध्यापनाचे प्रमाणपत्र’ अशी एकच ओळ असते.

‘टेफल’ हे एखाद्या परीक्षेचे नाव नाही. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणे या कामाचे ते नाव आहे, आणि त्या नावाने कोणीही प्रमाणपत्र काढू शकतो. १२० तास हा आकडाही बहुतेक जाहिरातींत तसाच असतो, कारण सेल्टामध्ये किमान १२० तासांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन असते आणि बाजाराने तो आकडा तेवढा उचलला आहे. सेल्टात त्या तासांखेरीज प्रत्येक उमेदवाराला खऱ्या विद्यार्थ्यांना, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांत, एकूण सहा तास शिकवावे लागते. प्रत्येक पाठ प्रशिक्षक पाहतो आणि त्यावर लेखी अभिप्राय देतो. अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहावे लागतात, चार लेखी स्वाध्याय असतात, आणि बाहेरचा परीक्षक येऊन केंद्राचे काम तपासतो. शेवटी परीक्षा अशी नसतेच. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ‘सर्टटेसोल’ची रचनाही जवळपास अशीच आहे, त्यातही सहा तासांचे अध्यापन असते, त्यात एक भाग असा आहे की प्रशिक्षणार्थ्याला एखाद्या अनोळखी भाषेचे धडे घ्यावे लागतात, म्हणजे वर्गात काहीही न कळणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था शिक्षकाला स्वतः भोगावी लागते. मला ती कल्पना फार आवडते. आपल्याकडच्या प्रत्येक अध्यापक महाविद्यालयात महिनाभर तमिळ किंवा बंगाली शिकण्याची सक्ती करावी असे मला कधीकधी वाटते. पण सर्टटेसोलचे केंद्र तिच्या सोयीचे नव्हते, म्हणून तो पर्याय तेथेच संपला.

सहा हजारांच्या जाहिरातीत ‘लेव्हल ५’ असा शिक्का होता आणि सेल्टाही ब्रिटनच्या अर्हता चौकटीत पाचव्याच पातळीवर आहे. तेव्हा दोन्ही सारखेच नव्हेत काय, असे तिने विचारले. पातळीचा आकडा अभ्यासाची काठिण्यपातळी सांगतो. त्यात कोणी वर्गात उभे राहिले होते की नाही, हे सांगत नाही. शिवाय तसा शिक्का खरा आहे का, हे ब्रिटनच्या अर्हता नियामकाच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहता येते. आम्ही पाहिले. त्या संस्थेचे नाव तेथे सापडले नाही.

एवढ्यावरून निर्णय झाला असता, तर हे प्रकरण लिहिण्याजोगे राहिले नसते. मला अजून एक शंका होती : तिला शिकवता येते का? तीन वर्षांचा अनुभव हे त्याचे उत्तर नव्हे. म्हणून आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या परिचारिका अभ्यासक्रमाच्या चार विद्यार्थिनींना मी एका रविवारी बोलावले आणि तिला २५ मिनिटांत ‘प्रेझेंट परफेक्ट’ शिकवायला सांगितले. तिची तयारी चोख होती. फळ्यावर व्याख्या, रचना, नियम, अपवाद असे सर्व काही आले, आवाज खणखणीत होता, इंग्रजी स्वच्छ होते, आणि मुली माना डोलावत वह्यांत उतरवून घेत होत्या. मी घड्याळ लावून बसलो होतो. चौघी मिळून तीन मिनिटेही बोलल्या नव्हत्या, आणि त्यातील बहुतेक वेळ “येस मॅडम” यात गेला होता. शेवटी मी त्यांतील एकीला कालच्या दिवसाबद्दल विचारले, तर तिने “आय हॅव गॉन टू वॉर्ड येस्टरडे” असे सांगितले, म्हणजे जो अपवाद पाच मिनिटांपूर्वी वहीत उतरला होता, तोच तोंडातून उलटा आला.

तो दोष त्या मुलीचा नाही. मराठीत आपण “मी त्याला कालच सांगितले आहे” असे सहज म्हणतो. ‘काल’ आणि ‘आहे’ यांचे आपल्या भाषेत भांडण नाही. इंग्रजीत ते आहे. हा फरक नियम लिहून दिल्याने अंगी उतरत नाही, तो वापरातून आणि प्रश्नांतून उतरतो, आणि तसे शिकवण्याचे कसब माझ्या या शिक्षिकेपाशी नव्हते, कारण ते तिला कोणी दाखवलेच नव्हते. महाविद्यालयात ती कविता आणि नाटके समजावून सांगत असे, तेही निम्मे मराठीतून. व्हिएतनामच्या वर्गात मराठीचा आधार नसतो. तिची खरी गरज कोणीतरी मागच्या बाकावर बसून तिचे शिकवणे पाहावे, ही होती. सहा हजारांच्या अभ्यासक्रमातून ती भागणार नव्हती, म्हणून तो कागद तिने त्याच संध्याकाळी फाडला.

येथे बी.एड.च्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. प्रत्यक्ष सरावाच्या मोजमापात दोन वर्षांचे बी.एड. सेल्टापेक्षा पुष्कळ पुढे आहे. त्यात किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात आणि पाठ टाचण काढून काढून छात्राध्यापकाची बोटे दुखतात. परंतु ते पाठ पन्नास-साठ मुलांच्या वर्गावर, पाठ्यपुस्तकातील घटकांवर होतात. दहा-बारा प्रौढांना बोलते करणे हे काम निराळे आहे.

सेल्टा कोणत्या पद्धतीने करावा, यावर आमचे एकमत झाले नाही. माझा आग्रह चार-पाच आठवडे केंद्रावर राहून पूर्णवेळ करण्याचा होता. तिने अर्धवेळ, पूर्णतः ऑनलाइन मार्ग निवडला. महामारीच्या काळात केंब्रिजने सराव पाठही ऑनलाइन घेण्यास परवानगी दिली आणि पुढे ती पद्धत चालू ठेवली. प्रमाणपत्र तेच असते. राहण्याचा खर्च वाचतो आणि महाविद्यालयातील तास सुटत नाहीत, हे तिचे म्हणणे रास्त होते. माझे म्हणणे असे होते की पडद्यावर चौकोनांत बसलेले विद्यार्थी आणि वर्गात खुर्च्या सरकवून जोड्या करणारे विद्यार्थी यांत अंतर आहे. आजही मला तसेच वाटते, आणि तिनेही पुढे ते कबूल केले. पण दीड लाखांवर आणखी पन्नास-साठ हजार घालण्याची ताकद घरात नव्हती, तेव्हा माझा आग्रह फुकटचा होता. गावातील वीज आणि इंटरनेट यांच्या भरवशावर राहणे शक्य नसल्याने तिने साताऱ्यात मैत्रिणीची खोली संध्याकाळपुरती वापरली.

प्रवेशासाठी आधी एक लेखी काम सोडवावे लागते आणि मग मुलाखत होते; भाषेची पातळी युरोपीय चौकटीतील सी१, म्हणजे प्रगत, किंवा त्यावरची अपेक्षित असते. ती पार पडली. पहिल्या सराव पाठाचा शेरा मात्र “मानकाप्रमाणे नाही” असा आला. कारण तेच : शिक्षिका फार बोलते. दुसऱ्या पाठात ती इतकी घाबरली की सूचनाच अपुऱ्या दिल्या आणि विद्यार्थी नुसते बसून राहिले. तिसऱ्यापासून गाडी रुळावर आली. नियम सांगण्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न विचारायचे, ही युक्ती तिला तेथे सापडली. “आय हॅव लॉस्ट माय की” हे वाक्य फळ्यावर आले की विचारायचे : किल्ली आता माझ्यापाशी आहे का? नाही. ती कधी हरवली, हे या वाक्यातून कळते का? नाही. एवढ्या दोन प्रश्नांत जे विद्यार्थ्याच्या डोक्यात शिरते ते पानभर नियमांनी शिरत नाही, हे तिने मला फोनवर असे सांगितले की जणू ती मलाच शिकवत होती, आणि खरे सांगायचे तर तीस वर्षांत मी हे पद्धतशीर केलेले नव्हते.

उच्चारांच्या बाबतीत तिला भीती होती की आपल्या भारतीय उच्चारणावर बोट ठेवले जाईल. तसे झाले नाही. प्रशिक्षकांनी शब्दातील आघाताकडे मात्र वारंवार लक्ष वेधले, कारण मराठीत आपण अक्षरे साधारण सारख्या वजनाने उच्चारतो आणि इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडला नाही तर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटी तिला साधी उत्तीर्ण श्रेणी मिळाली. वरच्या दोन श्रेणी, ब आणि अ, थोड्यांनाच मिळतात. नोकरीच्या दृष्टीने पहिल्या वेळी त्यामुळे फारसे बिघडत नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र कागदपत्रांत गेला, आणि या भागाची कल्पना आम्हा दोघांनाही पुरेशी नव्हती. तिच्यापाशी एम.ए.चे तात्पुरते प्रमाणपत्र होते, दीक्षान्त समारंभानंतरचे पदवी प्रमाणपत्र तिने कधी काढलेच नव्हते. ते कोल्हापूरहून काढावे लागले. पदवीवर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा आपला नेहमीचा क्रम, तर पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले. मग पदवीवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी त्या देशाचा दूतावास अशा क्रमाने शिक्के. सेल्टाचे प्रमाणपत्र तर ब्रिटनमधून निघते, त्यामुळे त्याच्या प्रमाणीकरणाची सुरुवात ब्रिटनमध्येच करावी लागते. तो खर्च केंद्राने कळवलेल्या शुल्कात नव्हता आणि आमच्याही हिशेबात नव्हता. हे सारे होईपर्यंत चार महिने गेले आणि मधल्या काळात काढलेला पोलीस दाखला जुना झाला म्हणून पुन्हा काढावा लागला.

याच काळात पुण्यातील एका दलालाने “पर्यटक व्हिसावर जा, परवाना तिथे होईल” असा सल्ला देऊन ऐंशी हजार मागितले. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक घेता येत नाही, हे तिच्या वडिलांनी त्याला फोनवर ऐकवल्यावर तो फोन पुन्हा आला नाही. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमारच्या सीमेवर सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या तरुणांविषयी २०२२ मध्ये सरकारनेच सावधगिरीची सूचना काढली होती, त्यामुळे या बाबतीत मी तिच्यापेक्षा अधिक घाबरलेला होतो.

ती आता उत्तर व्हिएतनाममधील एका शहरात भाषाकेंद्रात शिकवते. करार लेखी आहे, परवाना केंद्राने काढून दिला, आणि पगार मातृभाषिकांपेक्षा कमी आहे. तिच्या वर्गातील मुले ‘नाइस’, ‘नाइन’ आणि ‘नाइट’ या तिन्ही शब्दांना जवळपास ‘नाइ’ म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी फारच थोडी व्यंजने येतात. मराठी जिभेला जे कधी अवघड वाटलेच नाही, ते शिकवण्यासाठी तिला पहिल्यापासून विचार करावा लागला. त्यांच्या क्रियापदांना रूपे नसल्याने ‘शी गो’ हेही रोजचेच.

परतण्याचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. महाराष्ट्रातील अनुदानित शाळेत शिक्षक होण्यासाठी बी.एड. आणि पात्रता व अभियोग्यता परीक्षा लागतात, वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट. तेथे सेल्टाची दखल कोणी घेत नाही. हे तिला जाण्याआधीच माहीत होते आणि आम्ही ते वहीत लिहूनही ठेवले होते : खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, ती ३१व्या वर्षी परतली तर बी.एड. ३३व्या वर्षी पूर्ण होईल. बी.एड. नियमित हजेरीने करायचे असते, म्हणून ते तिकडे राहून जमणार नाही. मागच्या आठवड्यात तिने फोन करून बी.एड.च्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी माध्यमासाठी जो वेगळा इंग्रजीचा पेपर असतो, त्याचे स्वरूप बदलले आहे का, ते विचारले. मी चौकशी करतो म्हटले. तिच्या वडिलांनी मात्र ती येणार कधी, एवढेच विचारले होते.